भरल्या ड्रमाचा दिवस

आमच्या बिल्डिंगीत आपत्कालीन सज्जता समिती स्थापन झाली तेव्हा मी आंघोळीला गेलो होतो. बाहेर आलो तेव्हा मी अध्यक्ष होतो.

पडेगावात, दौलताबादच्या रस्त्यापासून जरा आत, आमची ही तीन मजली इमारत आहे. तळाला मी आणि आमच्या मंडळी पारूबाई. पहिल्या मजल्यावर रामकिसन आणि आशाबाई. दुसऱ्यावर सोमनाथ मास्तर, एकटेच. तिसऱ्यावर राजेंद्र, त्याची बायको रत्नमाला आणि त्याची आई भामाबाई. बिल्डरला खोल्या मोठ्या दाखवायच्या होत्या म्हणून त्यानं जिना साडेतीन फुटांचा केला. लिफ्टसाठी जागा सोडलेली आहे, लिफ्ट नाही. त्या जागेत रामकिसनचा पाचोडच्या शेतातला कांदा असतो.

तर एक परिपत्रक आलं. कुठल्या कार्यालयाचं ते शिक्का पुसट असल्यामुळे शेवटपर्यंत कळलं नाही. प्रत्येक इमारतीनं संकटकाळाची तयारी करावी, अशा अकरा सूचना, आणि तळाला एक ओळ: यासाठी कोणताही निधी उपलब्ध नाही, नागरिकांनी स्वयंस्फूर्तीने कार्यवाही करावी. मी सिंचन खात्यात छत्तीस वर्षं कारकुनी केली. ही तळाची ओळ मी स्वतः किती कागदांवर टाइप केली असेल त्याची गणती नाही. ती आता माझ्या दारात परत आली.

पहिली बैठक पार्किंगमध्ये भरली. फुकटात काय जमतं ते पाहायचं होतं. रामकिसननं बैलांचा जुना कासरा दिला. पारूबाईंनी रंगाचे दोन रिकामे डबे दिले, त्यात वाळू भरली. दुसऱ्या दिवसापासून त्या वाळूचा ताबा गल्लीतल्या मांजरांनी घेतला तो आजतागायत आहे. सोमनाथ मास्तरांनी शाळेतून निर्लेखित झालेली, म्हणजे कागदोपत्री मोडीत काढलेली, शिट्टी आणली. तिच्यात वाटाणा नव्हता, त्यामुळे ती फुंकली की नुसता वारा यायचा. ती अध्यक्षांच्या गळ्यात घालण्यात आली.

एवढ्यात रत्नमाला म्हणाली, "नाना, हे समदं ठीकय. पण आमच्या आत्याला खाली कसं आणायचं?"

प्रश्न खरा होता. भामाबाईंचं वय सत्त्याहत्तर, दोन्ही गुडघे गेलेले, छातीचं दुखणं वेगळंच. दोन वर्षांत त्या जिना उतरल्या नव्हत्या. दवाखान्याच्या गोळ्या राजेंद्र बिडकीनच्या कंपनीतून येताना आणायचा. वजन, रामकिसनच्या हिशेबानं, कांद्याचे दीड कट्टे.

"उद्या काही झालं," रत्नमाला म्हणाली, "तर मी एकटी काय करू? ते रात्री येतात. दोन दोन फुटांचे ड्रम ठेवलेत तुम्ही जिन्यात. मी स्वतः आडवी होऊन उतरते."

आता हे ड्रम. आमच्याकडे नळाला आठव्या दिवशी पाणी येतं, तेही तासभर. घरातली भांडी, टाक्या, बादल्या भरून झाल्या की उरलेल्या दिवसांसाठी माणूस दोनशे लिटरचा निळा ड्रम भरतो. घरात तो मावत नाही म्हणून आपल्या दारासमोर, जिन्याच्या वळणावर ठेवतो. पहिल्या वळणावर आशाबाईंचा, दुसऱ्यावर मास्तरांचा. मास्तरांच्या ड्रमाला झाकण होतं, झाकणाला कडी होती आणि कडीला कुलूप होतं.

"ड्रम हलवा," मी अध्यक्षाच्या आवाजात म्हणालो.

"कुठं हलवू?" आशाबाई म्हणाल्या. "उशाशी घेऊन झोपू?"

मास्तरांनी परिपत्रक मागवलं आणि चष्मा लावला. "नाना, सूचना क्रमांक चार. प्रत्येक कुटुंबाने आपत्काळासाठी पुरेसा पाणीसाठा ठेवावा. माझा ड्रम म्हणजे माझी सज्जता आहे. ती काढून घ्यायचा अधिकार समितीला नाही."

"सूचना क्रमांक सात," मी म्हणालो, "जिने व मार्ग मोकळे ठेवावेत."

"चार आधी येतं," मास्तर म्हणाले.

मी छत्तीस वर्षांच्या नोकरीत याहून वाईट कारणांनी फायली बंद होताना पाहिल्या आहेत.

मग खाली आणायचं कसं, एवढाच प्रश्न उरला. रामकिसन म्हणाला, खाटेवर निजवून आणू, चौघं जण उचलू. हे भामाबाईंना सांगायला मी आणि रत्नमाला वर गेलो. त्या खिडकीशी बसून लसूण सोलत होत्या.

"आडवी झोपवून, चौघांनी, खाटेवर," त्यांनी माझेच शब्द एकेक करून परत केले. "नानासाहेब, तसं मला एकदा न्यायचंच हाये. दोनदा कशाला नेता?"

"आत्या, बसून कशा जाणार?"

"खुर्चीत जाईन. जिती हाये तवर बसून जाईन."

भामाबाईंनी तीस वर्षं गवंड्यांच्या हाताखाली काम केलेलं. शहरातल्या कितीतरी इमारतींवर त्यांनी डोक्यावरून विटा आणि माल चढवला. जिना म्हणजे काय हे आमच्या समितीत त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं, आणि समितीत त्या नव्हत्या.

मास्तरांनी शाळेतली निर्लेखित लाकडी खुर्ची आणली. रत्नमाला घरी शिवणकाम करते. तिनं राजेंद्रच्या जुन्या जीन्सचे पट्टे शिवले, दोन पट्टे बसणाऱ्या माणसाला बांधायला आणि चार खुर्ची उचलायला. पट्टे खुर्चीला बांधायची वेळ आली तेव्हा रामकिसननं आपली बैलगाठ मारली. भामाबाईंनी ती दोन बोटांनी सोडवली.

"ही बैलासाठी ठीक हाये. बैल खाली पडत नाय." मग त्यांनी स्वतः गाठी मारल्या, बांधकामाच्या परांचीच्या बल्ल्या बांधतात तशा. त्या गाठीवर रामकिसन उभा राहिला, तरी सरकली नाही. तो जरा नाराज झाला.

सगळी तयारी एक दमडी न लागता झाली. राहिला सराव. सराव कधी करायचा हे ठरवणं अध्यक्षाचं काम होतं, आणि ते मी असं ठरवलं की पाणी येण्याच्या आदल्या दिवशी, रविवारी सकाळी. त्या दिवशी ड्रम रिकामे असतात. रिकामा ड्रम एका हातानं उचलून घरात ठेवता येतो. मला ही माझी हुशारी वाटली.

"नाना," रत्नमाला म्हणाली, "भरल्या ड्रमाच्या दिवशी बी एकदा करून बघा ना."

"करू की. आधी सोप्यात जमू दे."

रविवारी राजेंद्र, रामकिसन, मास्तर आणि आशाबाईंचा पाचोडहून आलेला भाऊ, असे चौघं दणकट लोक. मी पुढं, शिट्टीतून वारा सोडत. अकरा मिनिटांत भामाबाई तिसऱ्या मजल्यावरून फाटकात. दोन वर्षांनी त्यांनी रस्ता पाहिला. समोरच्या रिकाम्या प्लॉटवर तीन मजले उभे राहिलेले होते.

"हे कवा झालं?" त्यांनी विचारलं, आणि बराच वेळ त्या इमारतीच्या कोपऱ्यांकडं बघत राहिल्या. "ओळंबा चुकलाय, भिंत कललीय," म्हणाल्या.

मी फोटो काढला, पुसट शिक्क्याच्या कार्यालयाला पाठवला. वहीत लिहिलं: सराव यशस्वी. वेळ अकरा मिनिटे. दुसरा सराव यथावकाश. यथावकाश हा शब्द मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या अर्जांवर लिहीत आलो. त्यानं कधी माझं काही बिघडवलं नव्हतं.

सोमवारी पाणी आलं. आधी तळमजला भरतो, मग पहिला, मग दुसरा. मास्तरांनी ड्रम काठोकाठ भरला, कुलूप लावलं आणि मग त्यांना आठवलं की कूलर भरायचा राहिलाय, म्हणून परत मोटार लावली. तिसऱ्या मजल्यापर्यंत पाणी चढायच्या आत ते गेलं. रत्नमालेची सगळी भांडी उपडी राहिली. ती दोन घागरी आमच्याकडून घेऊन गेली.

मंगळवारी सकाळी अकराला मी दारात पेपर वाचत बसलो होतो. वरून रत्नमाला म्हणाली, "नाना." ती ओरडली नाही. तिचा आवाज तसा मोठा आहे, आणि ओरडली नाही म्हणूनच मी उठलो.

भामाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. कपाळावर घाम, हात छातीवर. रत्नमालेनं एकशे आठला फोन आधीच केला होता. गाडी वीस मिनिटांत आली, हे सांगितलंच पाहिजे. तरुण डॉक्टर पोट आत घेऊन, ड्रमांना घासून वर पोचला. त्यानं नाडी पाहिली, जिभेखाली गोळी ठेवली आणि मला बाजूला घेतलं.

"काका, लवकर खाली घ्या. उशीर नको. किती माणसं आहेत?"

मी मोजली. राजेंद्र बिडकीनला. मास्तर शाळेत. रामकिसन पाचोडच्या बाजाराला. आशाबाईंचा भाऊ त्याच्या गावी. माझ्या सरावातले चारही दणकट लोक चार दिशांना होते, आणि ते तसेच असणार हे मंगळवार असल्यानं कुणालाही सांगता आलं असतं. उरलो मी, रत्नमाला, आशाबाई, पारूबाई, डॉक्टर आणि गाडीचा ड्रायव्हर.

"माणसं होतील," आशाबाई म्हणाल्या. "ड्रमाचं काय?"

दोन्ही ड्रम काठोकाठ भरलेले. खुर्ची जाईल एवढी फट नाही. मी आणि ड्रायव्हरनं मास्तरांच्या ड्रमाला खांदा लावला. तो डुललासुद्धा नाही.

"आडवे करा," मी म्हणालो. "पाणी जाऊ द्या."

आशाबाईंनी माझ्याकडं असं पाहिलं की मला वाटलं मी काहीतरी अचकट बोललो. पण नाही म्हणाल्या नाहीत. त्या आपल्या ड्रमाकडं निघाल्याच होत्या. तेवढ्यात वरून भामाबाईंचा आवाज आला, तुटक तुटक.

"पायऱ्यांवर पाणी नको."

"आत्या, तुम्ही बोलू नका."

"ओली पायरी... घसरते. सिडकोच्या कामावर बाई गेली माझ्यासमोर. डोक्यावर घमेलं होतं." त्यांनी श्वास घेतला. "भांड्यानं काढा. माझी भांडी रिकामी हायेत."

म्हणजे जिला खाली न्यायचं तीच वरून हुकूम सोडत होती, आणि हुकूम बरोबर होता. चकचकीत फरशीच्या ओल्या पायऱ्यांवरून खुर्ची घेऊन उतरलो असतो तर एकाऐवजी पाच पेशंट गाडीत घालावे लागले असते. आमच्या सगळ्यांच्या घरची भांडी कालच भरलेली होती. रिकामी भांडी फक्त तिसऱ्या मजल्यावर. त्यामुळं पाणी वरच न्यायचं.

आधी मास्तरांचं कुलूप. आशाबाई घरातून वरवंटा घेऊन आल्या आणि दोन घावांत कडीसकट काढलं. तिसरा घाव त्यांनी कशासाठी घातला ते मी विचारलं नाही.

मग रांग लागली. ड्रमात प्लास्टिकचा मग बुडवायच्या पारूबाई, बादली पुढं मी, माझ्यापुढं ड्रायव्हर, शेवटी रत्नमाला. घागरी भरल्या, बादल्या भरल्या, कपडे धुवायचा टब भरला, पिंप भरलं. मास्तरांचा ड्रम रिकामा झाला तसा तो उचलून वरच नेऊन ठेवला. मग आशाबाईंचा. तो दोन मजले चढवायचा. आशाबाईंनी कासोटा मारला आणि स्वतःच्या पाण्याच्या बादल्या स्वतः वर नेल्या. मास्तरांचा रिकामा ड्रम आशाबाईंच्या पाण्यानं परत भरत आला, फक्त आता तिसऱ्या मजल्यावर.

डॉक्टर भामाबाईंचा हात धरून बसला होता. बारावी बादली आत आली तेव्हा त्याचा धीर सुटला.

"काका, पेशंट खाली न्यायचाय की पाणी वर आणायचंय?"

"दोन्ही," मी म्हणालो. "परिपत्रकात दोन्ही आहे."

सतरा मिनिटं लागली. मग जीन्सचे पट्टे, परांचीच्या गाठी. पुढं ड्रायव्हर आणि डॉक्टर, मागं आशाबाई आणि रत्नमाला. मी पुढं होऊन कोरडी पायरी बघत होतो. पारूबाई सगळ्यात शेवटी, फडकं घेऊन. दुसऱ्या वळणावर, जिथं ड्रम असायचा तिथं, आशाबाईंना दम लागला, म्हणून खुर्ची टेकवली.

भामाबाईंनी डोळे उघडले. "तीस वरीस मी माल चढवला एकटीनं," त्या म्हणाल्या. "तुमाला सहा जणांना मी उतरवेना."

"बोलू नका मावशी," आशाबाई म्हणाल्या, "नायतर इथंच ठेवून जाईन."

गाडी घाटी दवाखान्याकडं गेली. रत्नमाला सोबत. मी फाटकात उभा राहिलो. शिट्टी गळ्यात होती. ती सकाळपासून एकदाही फुंकली नव्हती हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. दुसरंही एक लक्षात आलं, की डॉक्टरनं माझ्या हातात फोन नंबर देताना सांगितलं होतं: "काठावर आहे. या सतरा मिनिटांचं काय होतं ते संध्याकाळी कळेल." मी घरात जाऊन वही उघडली. यथावकाश या शब्दावर रेघ मारली. रेघ मारल्यानं काही होत नाही.

संध्याकाळी राजेंद्रचा फोन आला. आई बोलतेय, म्हणाला. जेवण अळणी आहे म्हणून तक्रार करतेय.

त्याच वेळी मास्तर शाळेतून आले आणि कुलपाकडं बघत उभे राहिले. नंतर त्यांनी समितीला लेखी पत्र दिलं: कुलूप एक, नवीन, भरून द्यावे. मी त्यावर शेरा मारला: निधी उपलब्ध नाही.

पण खरी पंचाईत पुढं होती. बुधवारपर्यंत मास्तरांचं घरातलं पाणी संपलं, कारण त्यांचा सगळा भरवसा ड्रमावर होता आणि ड्रम तिसऱ्या मजल्यावर होता. गुरुवारी आशाबाईंचं संपलं. सगळ्या बिल्डिंगीचं राखीव पाणी भामाबाईंच्या घरात, पिंपात आणि टबात. पाणी यायला अजून पाच दिवस.

शुक्रवारी भामाबाई परत आल्या. जिना मोकळा होता. नऊ मिनिटांत वर गेल्या, हे मी वहीत लिहिलं. त्यांची खाट दाराशीच टाकली, हवा लागते म्हणून. शनिवारी सकाळी त्यांची चौकशी करायला मी वर गेलो होतो, तेव्हा आशाबाई रिकामी घागर घेऊन जिना चढून आल्या आणि उंबऱ्याबाहेर थांबल्या. पाणी त्यांचंच होतं, तरी मागायचं कसं हे त्यांना सुचेना.

"कशा हायेत मावशी?"

"हाये. किती पायजे?"

"अर्धी पुरंल."

भामाबाईंच्या उशाशी टबात प्लास्टिकचा मग तरंगत होता. त्यांनी तो हातात घेतला, जरा वेळ धरून ठेवला.

"माझी आई गावच्या विहिरीवर घागर घेऊन बसायची," त्या म्हणाल्या. "कुणी वरून ओतंल तवर. कधी दुपार व्हायची." त्यांनी तो आशाबाईंपुढं धरला. "घे. हातानं भर. मी कुणाला ओतत बसायची नाय."

आशाबाई उंबऱ्याच्या आत आल्या, खाली बसल्या आणि टबात हात बुडवून घागर भरू लागल्या. पूर्ण भरली. निघताना म्हणाल्या, "माझा ड्रम आता हॉलमधी ठेवते मावशी. टीव्ही सरकवला काल."

"मास्तरचं काय?" भामाबाईंनी मला विचारलं.

मास्तरांचं म्हणजे मास्तर रोज तिसऱ्या मजल्यावर येऊन, नमस्कार करून, दोन बादल्या नेत होते. आणि ड्रम दारासमोर परत ठेवणार का, असं विचारलं की म्हणत होते, सूचना क्रमांक चार.

"नानासाहेब," भामाबाई म्हणाल्या, "तुमचा दुसरा सराव राहिलाय ना? मंगळवारी घ्या. पाणी यायच्या टायमाला."

"तुम्हाला झेपंल?"

"मला नुसतं बसायचं हाये."

मंगळवारी भल्या सकाळी नळाला सूं आवाज आला आणि सराव सुरू झाला. राजेंद्रनं कंपनीत सुट्टी टाकली होती. त्यानं, रामकिसननं, रत्नमालेनं आणि आशाबाईंनी खुर्ची उचलली. मास्तर तिसऱ्या मजल्यावरून परत आणलेला आपला रिकामा ड्रम आणि पाइप घेऊन दारात तयारच होते. दुसऱ्या वळणावर भामाबाईंनी हात वर केला.

"टेकवा. दम लागला."

खुर्ची टेकवली. बरोबर ड्रमाच्या गोल डागावर.

"मावशी, मला जरा ड्रम..." मास्तर म्हणाले.

"ठेवा की. मी कुठं नाय म्हणते?"

मास्तरांनी खुर्चीच्या डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. मी परिपत्रक वाचत होतो.

"किती वेळ बसणार तुम्ही?"

"डाक्टरनं सांगितलंय, दम लागला की घाई नाय करायची."

त्या तासभर बसल्या. रत्नमालेनं तिथंच चहा आणून दिला. तिसऱ्या मजल्याचा पाइप या वेळी त्यांच्या मांडीवरून वर गेला, आणि तिसरा मजला दुसऱ्याच्या आधी भरला. नळ गुळण्या करायला लागला तेव्हा मास्तरांनी ड्रम उचलून आत नेला. बराच वेळ आतून टेबल सरकवल्याचा आवाज येत होता. शेवटचं पाणी मिळालं, अर्धा ड्रम. कुलूप नसल्यामुळे झाकणावर त्यांनी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा ठेवला.

"चला," भामाबाई म्हणाल्या, "आता वर घ्या. कमर दुखली."

मी अहवाल लिहून पुसट शिक्क्याच्या कार्यालयाला पाठवला. दुसरा सराव: भरल्या ड्रमाच्या दिवशी. जिना मोकळा. वापरलेले साहित्य: खुर्ची एक, भामाबाई एक. खर्च: निरंक.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. त्यात अजून एक सूचना वाढवली होती, क्रमांक बारा: प्रत्येक मजल्यावर वाळूच्या दोन बादल्या, जिन्यात, दर्शनी भागी ठेवाव्यात.

तो कागद मी मांजरांच्या डब्याखाली ठेवला आहे.